गुत्तीचा मुक्काम

गुत्तीला बाबा तीन दिवस अडकले होते, ही गोष्ट आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले. १९८३ चा हिवाळा, ट्रकमध्ये संत्री, आणि आंध्रातल्या गुत्ती गावाच्या कडेला मागचा एक्सल तुटला. क्लीनरला मिळेल त्या गाडीनं अनंतपूरला पाठवून बाबा मालापाशी एकटे राहिले. रात्री ताडपत्रीची एक बाजू उचलून ठेवायची, कारण संत्र्याला वारा लागला नाही की पेटीत गरमी धरते आणि खालचा थर आधी जातो. दिवसा ती बाजू पुन्हा पाडायची. तणसात भरलेल्या लाकडी पेट्या, जवळ एक कंदील, आणि समोरच्या हॉटेलातला भात. इकडे नागपुरात आईला पाच दिवस काहीच कळलं नाही. मी तेव्हा चार वर्षांची होते. बाबा परत आले तेव्हा आई आधी रडली आणि मग त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही, असं आजी सांगायची.

मी आता नागपुरात शाळेत भूगोल शिकवते. दोन वर्षांपूर्वी इतिहासाच्या बाई रजेवर गेल्या आणि मराठ्यांच्या दक्षिणेतल्या राज्यांवर मुलांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. तयारी करताना एके ठिकाणी नाव दिसलं, गुत्तीकर घोरपडे. मी पुस्तक तसंच उघडं ठेवून बाबांच्या खोलीत गेले.

"बाबा, गुत्तीला गड आहे का?"

"हाय न. मोठ्ठा. त्याच्याच खाली तं आपली गाडी उभी होती."

"मग तुम्ही वर गेले होते?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही भलतंच विचारलं. "वर कायले जाऊ, माल टाकून?"

त्या रात्री मला झोप आली नाही. ३१ वर्षं बाबांनी नागपूर-बंगलोर गाडी चालवली. जाताना संत्री, येताना मिळेल ते भाडं. जुना सात नंबरचा हायवे त्यांना तोंडपाठ होता. कुठल्या गावाला पाणी गोड, कुठल्या नाक्यावर साहेब कधी जेवायला जातो, कुठल्या उतारावर रात्री म्हशी बसतात, सगळं ठाऊक. मी एकेक विचारत गेले. चारमिनार? शहरात दिवसा जड गाडीला एन्ट्री नव्हती. लेपाक्षी? पाटी पाहिली होती. आलमपूर? कर्नूलच्या अलीकडं गाडी धुवायचो, तिथंच कुठंतरी असंल. पुढं कन्याकुमारीचं नाव तर त्यांनी दर खेपेला पाट्यांवर वाचलेलं. पण त्यांची खेप बंगलोरला संपायची.

तेव्हाच ठरवलं. ज्या ज्या ठिकाणावरून हे नुसते गेले, तिथं यांना उतरवायचं.

*

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी गाडी चालवणार, डावीकडे बाबा, मागे आई आणि तिच्या पुऱ्या, चिवडा, लोणच्याची बरणी, लाल सोलापुरी चादर. बाबा ७३ वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही, पण मी गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी खाली उतरून चारही टायर पायानं दाबून पाहिले.

सिव्हिल लाइन्सला झीरो माइलपाशी पहिला थांबा घेतला. घरापासून चार किलोमीटरवर! आई म्हणाली, इथं कायले? पण मला सुरुवात तिथूनच करायची होती. वाळूच्या दगडाचा तो खांब, चार घोडे, बाजूला १९०७ चा लहान दगड. नागपूरच्या पोरांना शाळेत असताना सांगतात की हा देशाचा मध्यबिंदू. मी वर्गात तसं सांगत नाही. आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातलं करौंदी हे गाव दाखवतात. आपला दगड आहे तो मोजणीचा. इथून समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की केली, इथून अंतरं मोजली. पायथ्याच्या दगडावर गावांची नावं आणि मैल कोरले आहेत. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०. मला वाटतं मध्यबिंदू असण्यापेक्षा हा मान मोठा आहे. मध्य काय, नकाशा बदलला की सरकतो. मोजणीचा दगड मात्र हलवायचा नसतो.

दिल्लीहून दक्षिणेत गाडीनं जाणारी माणसं नागपूरला रात्री येतात, बाहेरच्या हॉटेलात झोपतात आणि पहाटे निघतात. त्यांना माझं मनापासून सांगणं आहे. उठल्यावर एक तास काढा, दीक्षाभूमीच्या स्तूपाच्या आत जाऊन पाच मिनिटं उभे राहा. त्या घुमटाखाली आवाज कसा मऊ होतो ते ऐका. तर्री पोहे खा आणि मग जा.

बाबांनी दगडावरचा हैदराबादचा आकडा बोटानं पुसल्यासारखा केला. "आमी पाचशे किलोमीटर धरत होतो," ते म्हणाले. मी मनात गुणाकार केला. बरोबर होतं.

*

हिंगणघाट नागपूरपासून ऐंशी किलोमीटरच्या आत. ट्रकवाला तिथं थांबत नाही, नुकताच घरून निघालेला असतो. पण या गावात विल्यम लॅम्ब्टनचं थडगं आहे आणि मी भूगोल शिकवते, म्हणून माझ्यासाठी ते तीर्थ आहे.

१० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी लॅम्ब्टननं जमिनीवर साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीनं मोजायला घेतली. हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती पहिली रेषा. एक बाजू नीट मोजली की पुढं जमीन मोजत बसावं लागत नाही. त्या बाजूच्या दोन्ही टोकांवरून लांबचं एखादं उंच ठिकाण पाहायचं, कोन मोजायचे, त्रिकोण पुरा करायचा. मग त्या त्रिकोणाची बाजू धरून पुढचा. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत हा माणूस वीस वर्षं कन्याकुमारीपासून उत्तरेकडे सरकत राहिला, ७८ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास. बरोबर अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटून ते आपटलं, तेव्हा सहा आठवडे बसून त्यानं ते स्वतः दुरुस्त केलं. आणि जानेवारी १८२३ मध्ये, सत्तरीच्या घरात, हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना तो हिंगणघाटला वारला. पुढं त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं ती साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली आणि नाव एव्हरेस्टचं शिखराला लागलं. लॅम्ब्टनचं नाव हिंगणघाटच्या एका थडग्यावर आहे.

विचारत विचारत आम्ही तिथं पोहोचलो. मी बाबांना हे सगळं सांगितलं, दोराचं विशेषकरून.

"सहा हप्ते?" बाबा म्हणाले. "मंग पार्ट कुठून आणले?"

"त्यानंच ठोकून सरळ केले."

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग खाली वाकून त्यांनी कडेचा पाला हातानं बाजूला केला. "म्हणजे आपल्याच रस्त्यानं येऊन राहिला होता हा. अन् नागपूर ऐंशी किलोमीटर राहिलं होतं." परत गाडीकडे येताना त्यांनी एवढंच म्हटलं, "रस्त्यावर मानूस गेला न बाई, तं जवळ कोणी वयखीचं नसते."

मी हा रस्ता नकाशावर शेकडो वेळा दाखवला आहे. नागपूर २१ अंशांवर, कन्याकुमारी ८ अंशांवर, मधला रस्ता जवळजवळ सरळ खाली. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणतात. लॅम्ब्टन दक्षिणेकडून वर आला, बाबा उत्तरेकडून खाली जात राहिले. दोघांची वाट बरीचशी एकच, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

*

पांढरकवडा गेलं, पैनगंगा आली. पुलाच्या अलीकडे बाबा एकदम सावरून बसले आणि मग इकडे तिकडे पाहू लागले. नाका शोधत होते. कागदांची चळत घेऊन चार-चार तास रांगेत उभं राहायचं ते ठिकाण. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले, हे त्यांना बातमीतून माहीत होतं. पण डोळ्यांना पाहायचं होतं. गाडी शंभरच्या वेगानं महाराष्ट्रातून तेलंगणात गेली आणि ते मागे वळून पाहत राहिले.

पुढे असंच होत गेलं. आदिलाबाद कुठं आहे? उजवीकडे राहिलं बाबा, बायपास आहे. ते वडाचं झाड? जुन्या रस्त्यावर असेल. चौपदरी रस्ता चांगला आहे, माणसं वाचतात, माल लवकर पोहोचतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पूर्वी रस्ता गावाच्या पोटातून जायचा. देवळाचं शिखर, बुरूज, बाजार, लग्नाचा मांडव, सगळं ड्रायव्हरच्या डोळ्यांवरून जायचं, पाहायचं नसलं तरी. आता गाव दिसतच नाही. दिसते ती हिरवी पाटी आणि बाण. बाणावर विश्वास ठेवून स्वतः वळावं लागतं. म्हणून म्हणते, आता लांबच्या प्रवासात थांबे आधीच ठरवून घरून निघावं. नाहीतर दीड हजार किलोमीटर चालून माणूस फक्त टोलनाके पाहून येतो.

निर्मलला वळलो. तिथली लाकडी खेळणी मी पहिल्यांदा होताना पाहिली. पोनिकीचं लाकूड इतकं हलकं की हातात घेतलं तर वाटतं आत पोकळ आहे. डोकं, हात, फळ, पान वेगवेगळं कोरतात आणि चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा कालवून जोडतात. मग त्यावर रंग. आईनं एक सीताफळ घेतलं. खरं ठेवलं असतं शेजारी तर ओळखू आलं नसतं.

सोनच्या पुलावर गोदावरी भेटली. आईनं काच खाली करून नाणं टाकलं आणि हात जोडले. नाशिकची गोदावरी इथं तेलुगू बोलते, असं ती म्हणाली. हे वाक्य तिचंच आहे, मी नुसतं लिहून ठेवलं.

हैदराबादला रात्र काढली. चारमिनार पाहिला, गर्दीत, रात्री नऊला. बाबांनी वर पाहिलं, बरं आहे म्हणाले, आणि शेजारच्या गल्लीत हातगाडीवर माल बांधणाऱ्या पोराकडे जास्त वेळ पाहत राहिले.

*

आलमपूरबद्दल मात्र सांगायलाच हवं. कर्नूलच्या अलीकडे, तुंगभद्रेच्या डाव्या काठावर. हायवेपासून वळून गेलं की थोड्याच वेळात सातव्या-आठव्या शतकात. बदामीच्या चालुक्यांनी बांधलेली नऊ देवळं, त्यांना नवब्रह्म म्हणतात. तारकब्रह्म, स्वर्गब्रह्म, पद्मब्रह्म, अशी नावं ब्रह्माची आणि देवळं मात्र शिवाची. दगड लालसर. दुपारच्या उन्हात भिंतीवरच्या जाळ्यांच्या सावल्या आत पडलेल्या. तिथल्या जोगुळांबा देवीची आईनं ओटी भरली.

पण मला तिथलं संगमेश्वराचं देऊळ विसरता येत नाही. ते मुळात आलमपूरचं नव्हे. कृष्णा आणि तुंगभद्रेच्या संगमाजवळ कुडवेल्लीला होतं. श्रीशैलमच्या धरणाचं पाणी तिथवर येणार म्हणून देऊळ उतरवलं, दगड इकडे आणले आणि पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. बाबांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा एखाद्या वास्तूला हात लावून फिरले. सांधे पाहत होते. "एवढे दगड कोन्त्या गाडीनं आनले असतीन? अन् उतरवताना नंबर चुकला तं?" एका देवळाकडे इतक्या आदरानं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. देवळापेक्षा ते उचलून आणणाऱ्यांपुढे ते नमले होते, आणि मला ते पुरेसं वाटलं.

*

तिसऱ्या दिवशी गुत्ती.

गड लांबूनच दिसायला लागला. उघड्या कातळाची टेकडी आणि तिच्या अंगावरून चढत गेलेली तटाची रेघ. बाबा बोलायचे थांबले. गावात शिरल्यावर त्यांनी मला तीनदा चुकीचं वळायला लावलं. हॉटेल नव्हतं. मोकळं मैदान होतं तिथं घरं झालेली. शेवटी एका कडुनिंबापाशी, जुन्या रस्त्याच्या कडेला, ते म्हणाले, "लाव इथं." तेच ठिकाण होतं की नाही हे सांगायला कोणी नव्हतं. पण त्यांनी गडाकडे पाहिलं, मागे रेल्वेच्या बाजूला पाहिलं, दोन पावलं सरकले आणि उभे राहिले. "इथंच. सकाळी उन्ह पहिले त्या वरच्या दरवाज्यावर पडे."

मग मला म्हणाले, "जा तू. माझे गुडघे नाही साथ देत."

मी वर गेले. एकामागून एक दरवाजे, कातळात कोरलेल्या विहिरी आणि टाकी, मोडकी कोठारं. इथं मुरारराव घोरपडे राहत होते. १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात इंग्रजांचा क्लाइव्ह अडकला तेव्हा त्याच्या मदतीला जी मराठी फौज निघाली ती यांची. १७७६ मध्ये हैदरअलीनं गुत्ती घेतली. गड तटाला भगदाड पडून गेला नाही, वरचं पाणी संपलं. मुराररावांना कब्बलदुर्गला कैदेत नेलं आणि तिथंच त्यांचा अंत झाला. महाराष्ट्रापासून इतक्या लांब, तेलुगू मुलखात, मराठी बोलणारा एक दरबार होता आणि आम्ही मुलांना त्याबद्दल एखादी ओळ सांगून पुढं जातो.

माथ्यावर कड्याच्या अगदी टोकाला घोटीव चुन्याची एक लहानशी बैठक आहे. मुरारराव इथं बसून बुद्धिबळ खेळत, असं सांगतात. मी तिथं बसले. वारा असा की ओढणी धरून ठेवावी लागली. खाली रेल्वेचं जंक्शन, रुळांचा गुंता, आगपेटीएवढे डबे, पलीकडे सपाट माळ आणि त्यावर सांडलेल्या दगडांच्या टेकड्या. आणि कडेला कुठंतरी आमची गाडी. पण पांढऱ्या गाड्या बऱ्याच होत्या. झाडंही बरीच.

मोबाइल लावला. "बाबा, तुम्ही दिसत नाही."

"थांब." मग आईचा आवाज, मग दार उघडल्याचा. थोड्या वेळानं, झाडांच्या एका पुंजक्याशेजारी एक लाल ठिपका उमटला. आईची सोलापुरी चादर त्यांनी गाडीच्या टपावर पसरली होती.

"आता दिसून राहिलो का?"

"दिसले बाबा."

"किती दिसतो?"

मी हात लांब धरून बोटाच्या नखानं झाकून पाहिलं. "नखाएवढेही नाही."

तिकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग म्हणाले, "मले बी तू नाही दिसत. पण ते घुमटीसारखं हाय टोकाले, तिथं असशील."

"तिथंच आहे."

"ते मले तीनी दिवस दिसे. मले वाटे देऊळ हाय."

लॅम्ब्टनची माणसं अशीच दिवसा निशाणं धरून टेकड्यांवर उभी राहायची आणि रात्री दिवे घेऊन. एकानं दुसऱ्या ठिकाणाहून पाहिल्याशिवाय आपण नेमके कुठं आहोत हे त्यांनाही कळत नसे. चार वर्षांच्या मुलीला तेव्हा आपले बाबा कुठं आहेत हे माहीत नव्हतं. ४२ वर्षं लागली त्यांच्या समोरच्या त्या घुमटीत येऊन बसायला. मी फोन कानाला लावून रडले आणि वाऱ्यामुळे त्यांना ऐकू गेलं नसावं.

"ये आता," बाबा म्हणाले. "संत्रं सोलून ठेवतो."

*

लेपाक्षी आईचं. सोळाव्या शतकातलं वीरभद्राचं देऊळ, विजयनगरच्या काळातलं. सगळे लोक जमिनीला न टेकलेल्या त्या खांबाखालून रुमाल सरकवतात, आम्हीही सरकवला. गावाच्या तोंडाशी एका दगडातला प्रचंड नंदी आहे, त्याच्या गळ्यातल्या घंटा पाहत राहाव्यात अशा. पण आई अडकली ती लता मंडपात. तिथल्या प्रत्येक खांबावर वेगळी वेलबुट्टी कोरलेली, आणि साड्यांच्या किनारींना ती नक्षी आजही घेतात. आई एकेका खांबाला हात लावत पुढं जात होती. एका खांबापाशी थांबून म्हणाली, "ही तं माझ्या लग्नातल्या शालूची हाय." बाबा म्हणाले, नाही. आई म्हणाली, तुम्ही पाहिला कधी तो शालू नीट? बाबांनी खांबाकडे पुन्हा पाहिलं आणि होय म्हणाले.

बंगलोरला कलासिपाळ्याच्या बाजारात बाबांच्या ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. तिथं फार थांबलो नाही.

पण बंगलोर सोडलं आणि बाबा बदलले. तोवर रस्ता त्यांचा होता. ते पुढचं वळण सांगायचे आणि मी ऐकायचे. होसूरच्या पुढं त्यांनाही काही माहीत नव्हतं. मग ते प्रश्न विचारू लागले, लहान मुलासारखे. ही टेकडी कोणती? इथं काय पिकते? धर्मपुरीनंतर थोप्पूरचा घाट उतरताना मात्र जुना ड्रायव्हर जागा झाला. "गिअरवर उतरव, ब्रेकवर नको. हा उतार खोटा हाय." तो उतार ट्रकांच्या अपघातांसाठी बदनाम आहे हे मला ठाऊक होतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी रस्त्याच्या पोटातून ओळखलं.

नमक्कलला मी फक्त चहाचा थांबा धरला होता. फार तर तो एकसंध खडकावरचा किल्ला खालून पाहायचा आणि उघड्या आकाशाखालचा अठरा फुटी आंजनेय. गावाच्या अलीकडे बाबांनी माझा दंड धरला. "थांबव."

रस्त्याच्या दोन्ही बाजूला ट्रक बांधत होते. नमक्कल ट्रकच्या बॉडी बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाबांनी ते नाव ३१ वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांवर वाचलं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात बोअर मारायला येणाऱ्या मशिनी टीएन ३४ पासिंगच्या असतात, त्याही याच जिल्ह्यातल्या तिरुचेंगोडच्या. नुसती चॅसिस उभी, तिच्यावर ड्रायव्हर पत्र्याच्या पेटीवर बसलेला. कुठे लाकडाच्या फळ्या बसवणं चालू, कुठे वेल्डिंग, कुठे केबिनच्या कपाळावर रंगानं कमळं. बाबा आत शिरले. त्यांना तमिळ येत नाही, मिस्त्रीला हिंदी येत नव्हती. बाबांनी हातानं दाखवलं, मागचा फाळका असा का? त्यानं बिजागरी उघडून दाखवली. बाबांनी केबिनमधली झोपायची फळी हातानं मोजली, लांबी, रुंदी. आमच्या गाडीत ही एवढी होती, असं दाखवलं. मिस्त्री हसला आणि त्यानं बाबांना आत चढवून फळीवर आडवं व्हायला लावलं.

तीन तास गेले. आई सावलीत खुर्चीवर बसली, तिला कोणीतरी ताक आणून दिलं. मी किल्ला पाहिला नाही आणि त्याची मला खंत नाही. या सगळ्या प्रवासात बाबांनी स्वतः मागितलेला थांबा हा एकच.

*

मदुरैपासून पाऊस लागला. ईशान्य मोसमी वारे मी दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवते. कोविलपट्टीला भिजत उतरून शेंगदाण्याची चिक्की घेतली. मुप्पंदलच्या खिंडीत पवनचक्क्या ढगांत अर्ध्या बुडालेल्या. आणि मग रस्ता संपला. हे शब्दशः खरं आहे, पुढं समुद्र होता.

समुद्र खवळलेला म्हणून त्या दिवशी बोटी बंद होत्या. दुसऱ्या दिवशी सोडल्या. विवेकानंद शिलेवर आम्ही वाऱ्यात एकमेकांना धरून उभे राहिलो. २ सप्टेंबर १९७० ला हे स्मारक खुलं झालं. ते उभं करणारे एकनाथजी रानडे मूळचे आमच्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, शिकले नागपुरात. सामान्य माणसांकडून एकेक रुपया मागून त्यांनी ते काम उभं केलं. बाबांना हे माहीत नव्हतं. "टिमटाळा?" त्यांनी दोनदा विचारलं. "टिमटाळ्याचा मानूस इथं?" आणि मग शेजारी उभ्या एका अनोळखी गुजराती कुटुंबाला त्यांनी हिंदीत तेच सांगितलं, अभिमानानं, पूर्ण तपशिलासह.

*

परतताना पेनुकोंड्याच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवायला थांबलो तर समोर एमएच ४० ची, म्हणजे आमच्या नागपूरकडची गाडी. वास आधी आला. संत्री. लाकडी पेट्या गेल्या, आता प्लास्टिकचे कॅरेट असतात, तणीसही नाही. पण वास तोच. चालवणारा पोरगा काटोलकडचा, पंचवीस-सव्वीसचा, बंगलोरला निघालेला. बाबा त्याच्या बाजेवर जाऊन बसले. भाव विचारला, रस्ता विचारला.

"मागं गुत्ती लागली असंल. गड पाहिला का?"

"कोन्ता गड जी काका?"

"हायवेवरून दिसते न. वर पार टोकाले एक घुमटी हाय. मुराररावाची. माझी पोरगी जाऊन आली."

पोरगा भात कालवत हसला. "टाइम नाही भेटत जी. पहाटे चारले मंडी लागते."

"हो," बाबा म्हणाले. "लागते."

ते उठले आणि सवयीनं ट्रकला फेरी मारून आले. मागच्या बाजूला थांबून त्यांनी दोर अंगठ्यानं दाबला. "मागचा ढिला पडला पोरा," त्यांनी हाक मारली. पोरगा ताट ठेवून गेला. एकानं टायरला पाय लावून दोर ओढून धरला, दुसऱ्यानं गाठ मारली, आणि ताडपत्रीची वाऱ्याकडची बाजू बाबांनी वीतभर उचलून तशीच बांधून दिली.